मागच्या दाराची अट

घरमालक भाडेकरूच्या डोक्यावर बसलेला असतो, असं मी ऐकून होते. माझे घरमालक पाण्यावर बसलेले होते. डहाणूच्या खाडीकाठी त्यांचं दोन खोल्यांचं कौलारू घर. पुढे ओटा, मागे स्वयंपाकघर, त्यामागे परसू, आणि परसू संपलं की खाडी. एवढ्या चांगल्या घरात राहायचो आम्ही, म्हणजे मी आणि माझी धाकटी बहीण. मालक समोर पाण्यात, नांगर टाकून ठेवलेल्या आपल्या जुन्या लाकडी बोटीवर राहायचे. बोट सहा वर्षं समुद्रात गेली नव्हती. मालकही सहा वर्षं घरात आले नव्हते.

बंदरातली सगळी माणसं त्यांना तांडेल म्हणत. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य, ज्याच्या शब्दावर खलाशी जाळं टाकतात आणि ओढतात. ह्यांच्याकडे खलाशी एकही उरला नव्हता, पण हुकूम सोडायची सवय काही गेली नव्हती. मी शाळेत मास्तरीण असल्यामुळे ती सवय मला चटकन ओळखता आली.

मी मूळची तलासरीकडची, डोंगरातली. आमच्याकडे भात आणि नागली. पाणी म्हणजे विहिरीतलं, नाहीतर पावसाळ्यात ओढ्यातलं. डहाणूच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा कुणीतरी हे घर सुचवलं. भाडं इतकं कमी होतं की मला शंकाच आली. घर बघायला गेले तर तांडेल ओट्याच्या खालच्या पायरीवर बसलेले. कमरेला लुंगी, अंगात बाह्या कापलेला शर्ट, पाय उन्हात. मी आत फिरून आले तरी ते जागचे हलले नाहीत.

"पसंत आहे?" त्यांनी विचारलं.

"पसंत आहे. पण भाडं कमी का?"

"अट आहे ना एक. मागचं दार दिवसभर उघडं ठेवायचं. घरात माणूस असेल तोवर तरी ठेवायचंच."

"आणि मांजरं आली तर?"

"मांजरं येणार. बाजूला बोंबील वाळतात, त्यांना काय कळतं कुठलं घर कुणाचं."

मी अट मान्य केली. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला घराला हवा लागायला हवी असेल. पुढे दोन वर्षं मी आणि बहीण त्या दारावरून कुरकुरत राहिलो. मांजरांनी दूध प्यायलं, वाऱ्याने गॅस विझला, डासांनी तर आम्हाला आपलंच मानलं. पण दार उघडं राहिलं. एकदा बहिणीने अभ्यासाला बसताना ते ओढून घेतलं, तर दहा मिनिटांत बोटीवरून पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज यायला लागला. दार उघडेपर्यंत तो थांबला नाही.

तांडेल ओट्याच्या वर कधी चढले नाहीत. आठवड्यातून दोनदा होडक्यातून काठावर यायचे, बंदरात जायचे, बर्फाच्या गाड्या आणि डिझेलची पिंपं यांच्यामधून वाट काढत चहाच्या टपरीवर बसायचे आणि जाताना आमच्या पायरीवर टेकायचे. परसातलं कढीपत्त्याचं झाड त्यांनीच लावलेलं, पण चार पानं हवी असली तरी विचारायचे, "बाई, तुमचा कढीपत्ता तोडू का?" मी म्हणायची, "तुमचाच आहे." ते म्हणायचे, "दिलं म्हणजे दिलं." आणि मी हो म्हणेपर्यंत हात लावायचे नाहीत.

त्यांच्या अशा वाक्यांची मला हळूहळू गोडी लागली. पहिल्या पावसाळ्यात स्वयंपाकघर गळायला लागलं, तेव्हा मी तक्रार घेऊन काठावर उभी राहिले. ते बोटीवरूनच म्हणाले, "घर गळतं तेव्हा पाणी वरून येतं, बोट गळते तेव्हा खालून येतं. माणूस दोन्हीकडे मधेच." दुसऱ्या दिवशी कौलं सारायला माणूस पाठवला आणि स्वतः पायरीवर बसून त्याला एकेक कौल सांगितलं. आत न येता त्यांना गळकी जागा बरोबर ठाऊक होती.

बोटीवर का राहता, असं विचारलं की प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळायचं. टपरीवाल्याला सांगायचे, जमिनीवर शेजारी फार. मला सांगितलं, "लाकडाला रोज पाणी पाजावं लागतं. वर ओढून सुकवली तर फळ्या आकसतात, फटी पडतात, मग बोट नुसतं जळण." हे खरंही होतं. सकाळ-संध्याकाळ ते डेकवर खाऱ्या पाण्याच्या बादल्या ओतायचे, सांधे कापसाने आणि तेलाने भरायचे. पण ते काही खरं कारण नव्हतं, एवढं मलाही कळत होतं. बोट कुणी विकत घ्यायला आलं की तांडेल त्याला बोटीतले दोष एवढ्या प्रेमाने दाखवायचे की तो माणूस घाबरून जायचा.

एकदा माझे बाबा तलासरीहून आले, नवे तांदूळ घेऊन. दोघे म्हातारे पायरीवर शेजारी शेजारी बसले. बाबांना राहवेना.

"घर असून पाण्यावर कशाला झोपायचं, दादा? झोप लागते?"

"तुम्ही डोंगरावर झोपता ना? घरंगळत नाय?"

बाबा पोट धरून हसले. मग दोघे चिखलावर बोलत बसले. भाताच्या खाचरातला चिखल आणि खाडीतला चिखल यांत अवघड कुठला, यावर तासभर वाद झाला. तांडेल म्हणाले, डोंगरातल्या माणसाचं हे काम नाही, खाडीचा चिखल पाय मागून घेतो. बाबा म्हणाले, "माझ्या पोरी चिखलणीत वाढल्यात. पाय परत कसा घ्यायचा, त्यांना ठाऊक आहे." जाताना तांडेलनी बाबांना पिशवीभर चिकू दिले. घोलवडचा कुणी बागवाला मित्र त्यांना चिकू पाठवायचा, आणि ते बोटीच्या पोटात, जिथे पूर्वी बर्फात मासळी ठेवत, तिथे पिकत घालायचे. चिकू उत्तम पिकायचे. फक्त त्यांना बोंबलाचा वास यायचा.

त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, तिथी होती. "पंचमीला येतो, पाणी चढलं की," असा निरोप असायचा. मला हे विचित्र वाटायचं, म्हणून त्यांनी एक दिवस हिशेब शिकवला. "तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असली तर चार पाऊणे तीन. तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, एकदा पहाटे, एकदा दुपारी. मधे ओहोटी. थोडं इकडेतिकडे." दुसऱ्या दिवशी मी सहावीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना हाच हिशेब घातला. मच्छीमारांच्या पोरांनी मी तोंड उघडायच्या आत उत्तरं दिली. जी पोरं कधी हात वर करत नव्हती, ती त्या दिवशी बाकावर उभी राहिली. तांडेलना हे सांगितलं तर म्हणाले, "मग पगार अर्धा माझा."

आता बोटीविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या बाजूची खाडी ओहोटीला कोरडी पडते. पाणी उतरलं की बोटी चिखलात बसतात आणि एका अंगावर कलतात. काठापासून चिखल खाडीच्या मध्याकडे उतरता आहे, म्हणून साहजिकच सगळ्या बोटी तिकडे, पाण्याच्या बाजूला कलतात. तांडेलची बोट तेवढी उलटी, काठाकडे, आमच्या घराकडे कलायची. कारण बोटीवर पाण्याने भरलेली दोन मोठी पिंपं होती. ओहोटी लागायच्या आधी तांडेल ती ढकलत, रेटत, काठाच्या बाजूला आणून ठेवायचे आणि स्वतःही त्याच बाजूला बसायचे. बोट चिखलाला टेकली की वजनाने इकडे यायची. दिवसातून दोनदा हे काम, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

"कशाला एवढी मेहनत?" मी विचारलं होतं.

"उताराकडे कलली तर फार कलते. मग पाणी परत चढताना बोट उठायच्या आधीच कडेवरून आत शिरतं. दोन बोटी बुडलेल्या बघितल्यात मी, नांगरावर उभ्या."

हे उत्तरही खरं होतं, आणि अर्धंच होतं.

तांडेलना एक मुलगी. उंबरगावला दिलेली, तिथे तिचं शिवणकामाचं दुकान. दर रविवारी सकाळी तिचा मला फोन यायचा. बापाकडे फोन होता, पण तो नेहमी तांदळाच्या डब्यात असायचा, दमट हवा लागू नये म्हणून.

"बाई, बाबा बरे ना? साचं सांगा हां."

"बरे आहेत."

"बरं नसलं तर मला लगेच बोलवा. मी त्यांना उचलून घरात आणून बसवीन. तुम्हाला तेवढी दुसरी खोली बघावी लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

मी वाईट वाटून घेत नव्हते, पण घाबरत होते. त्या वर्षी माझी बहीण बारावीला होती. त्या भाड्यात दुसरं घर डहाणूत मिळणं शक्य नव्हतं, आणि घर नाही तर तिला तलासरीला परत जावं लागलं असतं. आमच्या वाडीतून माझ्यानंतर बारावीला बसणारी ती पहिलीच मुलगी. म्हणजे गणित सरळ होतं. तांडेल बोटीवर ठणठणीत असेपर्यंत आमचं छप्पर आमचं.

जानेवारीत ते लंगडताना दिसले. चिखलात उतरताना कालवाच्या शिंपीने पायाचा अंगठा कापला होता. त्यांनी त्यावर हळद दाबली आणि वरून डिझेलचा बोळा बांधला. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. ते म्हणाले, "डॉक्टर मुलीला सांगेल." मग म्हणाले, "तुम्ही पण सांगू नका, बाई. तुमचंही घर जाईल." मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण माणूस माझ्याच मनातलं बोलला होता.

पुढच्या रविवारी फोन आला. मी म्हटलं, बरे आहेत. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तोवर अंगठा काळा पडायला लागला होता आणि तांडेल पायरीवर यायचेही बंद झाले होते. लांबून हात करायचे, मीही हात करायची. आम्ही दोघं मिळून खोटं बोलत होतो, त्यामुळे ते खोटं वाटत नव्हतं.

तो दिवस चतुर्थीचा होता, हे मला अजून पाठ आहे. सकाळी साडेसातला मी मागच्या दारात भांडी घासत होते. पाणी उतरलं होतं. मान वर केली, तर तांडेलची बोट उताराकडे कललेली. शेजारच्या रिकाम्या बोटींसारखीच. तिचा तळ आमच्याकडे होता. दोन वर्षांत मी तो कधी पाहिला नव्हता.

मी हाक मारली. उत्तर आलं नाही. मी स्वतःला सांगितलं, आज कंटाळले असतील. डबा भरला, बहिणीला क्लासला पाठवलं, वेणी घातली. पुन्हा बघितलं, बोट तशीच. खरं सांगायचं तर मला कळलं होतं. कळलेलं असूनही मी वेणी घातली, कारण तिथे जाऊन जे दिसणार होतं, त्यानंतर त्या घरात राहता येणार नव्हतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

दहाला शाळेसाठी पर्स खांद्याला लावली आणि सवयीने मनात हिशेब झाला. चार पाऊणे तीन. तीनला भरती, म्हणजे नऊलाच पाणी फिरलं. अकरा-साडेअकरापर्यंत बोटीला लागणार. आणि बोट उताराकडे कललेली.

मी पर्स ओट्यावर टाकली. बाजूच्या बांबूच्या वलांडीवर एक बाई बोंबील टांगत होती, तिला म्हटलं, "बंदरातून माणसं बोलवा, तांडेल उठत नाहीत." आणि सलवार गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरले.

ती मागून ओरडत होती, "ओ बाई, पानी चढतंय, तुमचं काम नाय ते!" पण चिखल माझ्या ओळखीचा होता. उभं राहायचं नाही, टाच आधी सैल करायची, पाय सरळ वर न ओढता मागे घेऊन काढायचा. लहानपणीचे लावणीचे सगळे दिवस असेच गेले. खारट वास आणि शिंपल्यांची धार सोडली तर हा आमच्याच खाचराचा थोरला भाऊ होता. मांडीपर्यंत दोनदा रुतले आणि दोनदा निघाले.

बोटीच्या पलीकडच्या, खालच्या अंगाने चढले. डेकवरचं सगळं सामान घसरून एका कोपऱ्यात आलं होतं, भांडी, दोर, स्टोव्ह, आणि त्यातच तांडेल. अंग तव्यासारखं तापलेलं. पाय घोट्यापर्यंत सुजलेला. डोळे उघडले आणि पहिला शब्द बोलले तो म्हणजे "पिंपं."

दोन्ही पिंपं खालच्या बाजूला, भरलेली. चढावर ढकलायला माझ्या अंगात बळ नव्हतं. मी एकाचं झाकण काढलं आणि खाडीत ओतायला सुरुवात केली.

"गोडं पाणी आहे ते," तांडेल म्हणाले. तापात माणूस, पण आवाज तांडेलचाच. "चार दिवसांचं आहे."

"असू दे."

दोन्ही पिंपं रिकामी केली. बोट एकदम सरळ झाली असं काही नाही, चिखलात बसलेली बोट तशी हलत नाही. पण तेवढं वजन कमी झालं. मग मी तांदळाचा डबा शोधला, त्यातून फोन काढला आणि त्यांच्यासमोर उंबरगावला लावला.

"मी मास्तरीण बोलतेय. तुमचे बाबा बरे नाहीत. तीन आठवडे झाले पायाला. मी तुम्हाला खोटं सांगत होते."

ती एवढंच म्हणाली, "येते."

तांडेलनी तोंड फिरवलं. "गेलं तुमचं घर, बाई."

"जाऊ दे," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. घरासाठी आलं की त्यांच्यासाठी, ते तेव्हा कळलं नाही. बहुतेक वेणीसाठी आलं असावं.

पाणी बोटीच्या कडेपासून वीतभर खाली असताना बंदरातली माणसं होडकं घेऊन पोचली. चौघांनी तांडेलना उतरवलं आणि बाकीच्यांनी बोटीतलं जड सामान वरच्या बाजूला रचलं. बोट उठली तेव्हा पाणी आत आलं, पण बादल्यांनी उपसता येईल एवढंच.

हॉस्पिटलात तांडेलचा अंगठा गेला, पाय वाचला. साखर इतकी वाढलेली होती की डॉक्टर म्हणाले, दोन दिवस उशीर झाला असता तर गुडघ्याखाली काही ठेवता आलं नसतं. मी भेटायला गेले की तांडेल भिंतीकडे वळायचे. त्यांची मुलगी मात्र माझ्याशी बोलली. चिडली नाही, म्हणजे चिडली, पण कामं सांगत चिडली. घर पंधरा दिवसांत रिकामं करून द्यायचं ठरलं. मी स्टेशनजवळ एक खोली पाहून आले. तिला खिडकी नव्हती. बहीण म्हणाली, "चालेल, अभ्यासाला बाहेर बघायचं कशाला." ती असं म्हणाली, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तांडेलना घरी आणलं त्या दिवशी मी सामान बांधत होते. रिक्षा दारात आली. मुलीने त्यांना धरून ओट्याच्या वरच्या पायरीपर्यंत आणलं, आणि तिथे ते बसले ते बसलेच.

"बाबा, चला आत."

"आत बाई राहतात."

"त्या सोडतायत खोली."

"सोडल्यावर बघू."

"अहो, घर तुमचं आहे."

"दिलेलं आहे."

मुलीने हात टेकले. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आई गेली तेव्हा बाबा समुद्रात होते, बाई. चार दिवसांनी बोट लागली. तोवर सगळं आटपलं होतं. सगळं गाव घरात येऊन गेलं, आणि घरचा माणूस सगळ्यात शेवटी. त्या दिवशी इथेच, ह्या पायरीवर बसले, आणि आत गेलेच नाहीत."

तांडेल ऐकत होते. पट्टी बांधलेला पाय पुढे ठेवून ते रस्त्याकडे बघत राहिले.

मी दारात उभी होते, हातात गादी बांधायची दोरी. त्या माणसाचा मला राग येत होता, कीव येत होती, आणि त्याच्या "दिलं म्हणजे दिलं"ची इतकी सवय झाली होती की त्यातूनच मला वाट दिसली.

"काका," मी म्हटलं, "हे घर या महिन्याअखेरपर्यंत माझं आहे ना?"

"आहे."

"मालकाला आत यायचं नसेल तर नको. पण पाहुणा म्हणून या. माझ्या घरी चहाला या."

रिक्षावाला भाडं घेऊन गेला, एक मांजर ओट्यावरून आत गेलं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"साखर घालू नका," तांडेल म्हणाले. आणि मुलीच्या खांद्यावर हात टेकून त्यांनी चांगला पाय आधी उंबऱ्याच्या आत टाकला.

पुढच्या खोलीत ते थांबले नाहीत. सरळ स्वयंपाकघरात गेले आणि चुलीच्या कट्ट्याला पाठ लावून जमिनीवर बसले. गॅस आला तरी तो मातीचा कट्टा आम्ही काढला नव्हता. मी चहा ठेवला. मागचं दार उघडंच होतं. तांडेल त्यातून बाहेर बोटीकडे बघत राहिले आणि चहा संपल्यावर म्हणाले, "महिनाअखेर कशाला? पोरीची बारावी होऊ दे." मुलीने गादी बांधायची माझी दोरी गुंडाळून ठेवली.

असे आम्ही चौघं दीड महिना त्या दोन खोल्यांत राहिलो. तांडेलना सपाट खाटेवर झोप लागेना. "सपाट झोपतो तो मेलेला," म्हणाले. शेवटी खाटेच्या एका बाजूच्या पायांखाली विटा घातल्या, तेव्हा घोरायला लागले. बोटीची काळजी मात्र त्यांनी आमच्यावर टाकली. बंदरातली माणसं एक ओहोटी सांभाळायची, दुसरी तांडेलच्या मुलीवर होती. ती होडक्यातून जायची, डेकवर पाणी ओतायची, पिंपं काठाच्या बाजूला रेटायची आणि पाणी परत येईपर्यंत अडकून पडायची. पहिले आठ दिवस तिने बापाला, बोटीला आणि खाडीला मनसोक्त शिव्या दिल्या. "एकदा पाय बरा झाला की विकतेच ही," म्हणायची.

नवव्या दिवशी ती चिखलाने माखलेल्या पायांनी परत आली आणि मागच्या दारात उभी राहिली. आत आली नाही.

"बाई, तुम्ही कधी त्या बाजूला बसून बघितलंय? बोट कलल्यावर?"

"नाही."

"तिथून हे दार समोर येतं. दारातून चूल दिसते. आई बसायची ती जागा दिसते." तिने चुलीकडे बघितलं. "मघाशी तुम्ही बसला होता भाकरी थापत. क्षणभर मला..."

मला मांजरं आठवली, विझलेला गॅस आठवला, बडवलेला डबा आठवला. आणि कमी भाडंही. दोन वर्षं मी एका माणसाला रोज त्याचं घर दाखवत होते, डासांच्या नावाने बोटं मोडत.

त्यानंतर तिने बोट विकायचं नाव काढलं नाही.

होळीला बंदरातल्या सगळ्या बोटी घरी आल्या, पताका लागल्या, आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी तांडेल परत पाण्यावर गेले. मुलीने अटी घातल्या. पायात बूट घातल्याशिवाय चिखलात उतरायचं नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत, फोन तांदळात ठेवायचा नाही, आणि दर दशमीला आमच्या घरी जेवायला यायचं. पायरीवर नाही, आत. शेवटची अट त्यांनी जरा कुरकुरून मान्य केली. "पाहुण्याने सारखं सारखं येऊ नये," म्हणाले. मुलगी उंबरगावला गेली. आम्ही तिथेच राहिलो. बहीण बारावी झाली, पुढे नर्सिंगला गेली, आणि मी चार वर्षांनी बदली होऊन तलासरीला येईपर्यंत तांडेल एकही दशमी चुकले नाहीत. येताना चिकू आणायचे. त्यांना अजून बोंबलाचा वास येत असे.

पण मला आठवतो तो, ते बोटीवर गेल्यानंतरचा पहिला रविवार. सकाळी फोन वाजला.

"बाई, बाबा बरे ना?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. ते मिटलं.

"थांबा," मी म्हटलं, "बघून सांगते."

फोन कानाला तसाच धरून मी स्वयंपाकघरातून मागच्या दारात आले. पाणी उतरलं होतं. रिकाम्या बोटी ओळीने उताराकडे पडल्या होत्या. त्यांच्यामधे एक बोट तोंड फिरवून आमच्याकडे कललेली, आणि तिच्या कडेला लुंगीतला म्हातारा, पायात नवे गमबूट घालून, दाराकडे बघत बसलेला. मला पाहून त्याने हात केला नाही. बोटाने खूण केली, जरा बाजूला सरका.

मी बाजूला सरकले.

"बरे आहेत," मी फोनवर म्हटलं. "घराकडे कललेत."